खुणेचा निरोप

सगुणाबाईंनी माझ्यावर विश्वास टाकला, असं मी कधीच म्हणू शकणार नाही. त्यांच्या हाताखाली मी दीड वर्ष काम केलं. त्यांच्या मागोमाग नेवासे तालुक्यातल्या चिखलातून आणि फुफाट्यातून मैलोन् मैल चालले. पुढे तीस वर्षं हेच काम माझ्या पोटापाण्याचं झालं. हे कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की मी दवाखान्याचं नाव सांगत असे. सगुणाबाईंचं नाव सांगायचा धीर मला फार उशिरा झाला.

युद्ध चालू होतं. माझे वडील नगरच्या कोर्टात कारकून होते, ते अचानक गेले. मी व्हर्नाक्युलर फायनल झालेली, एकोणीस वर्षांची. शाळाखात्यात जागा नव्हती. नगरहून औरंगाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घोडेगावच्या अलीकडे दोन-तीन कोसांवर एक धर्मादाय दवाखाना होता. भोवतालच्या गावांत घरोघर फिरणाऱ्या बायका त्याला हव्या होत्या. बाळंतिणींची विचारपूस करायची, मुलांना देवी टोचून घ्यायला आयांना राजी करायचं, घरात दडवून ठेवलेलं आजारी माणूस दवाखान्यापर्यंत आणायचं. आज याला समाजकार्य म्हणतात आणि त्याचं रीतसर शिक्षण मिळतं. तेव्हा नुसतं 'फिरतीचं काम' म्हणत.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "सगुणाबाईंबरोबर राहा. त्यांच्याइतकं काम इथे कुणाला येत नाही." मग उठून त्यांनी खोलीचं दार लोटलं. "आणि आणखी एक. घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी त्या रजा घेतात. कुठे जातात, कशाला जातात, सांगत नाहीत. तुमच्या काही लक्षात आलं तर माझ्या कानावर घाला."

म्हणजे सगुणाबाईंना पाहण्याआधीच मी त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले होते.

त्या पन्नाशीच्या होत्या. उंच, सुकलेल्या, पायात पुरुषी वहाणा, खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवीचं तोंड सुतळीने घट्ट बांधलेलं. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या हातांकडे पाहिलं. बोटाला शाई लागलेली होती.

"लिवता येतं व्हय ताई?"

"येतं."

"मंग वही हितंच ठिवा."

मला ते पटलं नाही. घरांची यादी नको का करायला? मी वही पदराखाली लपवून नेली. पहिल्याच गावात एका ओसरीवर ती उघडली आणि माणसांची नावं विचारू लागले. घरातला म्हातारा तोवर नीट बोलत होता, तो एकदम गप्प झाला. थोरल्या मुलाचं नाव विचारलं तर म्हणाला, मला मुलगाच नाही. मुलगा समोर गोठ्यात वैरण टाकत उभा होता. पलटणीत माणसं भरती करणारे त्या भागात फिरत होते, भूमिगतांच्या शोधात पोलीसही येऊन गेले होते. कागदावर नाव गेलं की माणूस जातो, एवढंच लोकांना कळत होतं. आम्ही पुढच्या आळीत पोचण्याआधी तिथली दारं लागली.

सगुणाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला, मी वही दिली. ती त्यांनी पिशवीत टाकली आणि सुतळी बांधली. मला ती परत मिळाली नाही. त्यांचं स्वतःचं सगळं डोक्यात असे. कुणाला कितवा महिना, कुणाच्या मुलाला खोकला, कुणाचा नवरा मुंबईला गिरणीत. बारा गावांतलं सगळं.

त्यांचं घराणं दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं. पण आधी हे घर गावाच्या कुठल्या अंगाला होतं, ते गाव विसरत नाही. त्यामुळे त्या कायम अंगणात उभ्या राहत. मला ओसरीवर घोंगडी अंथरली जाई. सुरुवातीला मला त्याची लाज वाटे. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटे.

प्रत्येक घरी त्या पाणी मागत. तहान असो नसो, अर्ध्या तासापूर्वी प्यालेल्या असोत, तरी मागत. घरची बाई तांब्या घेऊन बाहेर येई आणि वरून धार धरी. सगुणाबाई वाकून ओंजळीने पीत. दहा घरी दहा वेळा हे पाहून मला राग आला. एवढा अपमान मागून का घ्यायचा? एकदा वाटेत मी तसं म्हटलं.

त्या चालतच होत्या. म्हणाल्या, "त्या बाईनं तुमास्नी काय सांगितलं ताई?"

"सगळं छान आहे म्हणाली."

"तिच्या उजव्या मनगटावर चटका हाय. आजचा न्हाई, चार-पाच दिसांचा. त्याच्या वर एक जुना हाय. पानी वतायला हात पुढं येतो, बांगड्या मागं जात्यात. मी खाली वाकलेली असते. माज्याकडं कोन बगतंय?"

मी ओसरीवर घोंगडीवर बसून त्या बाईशी पाव तास बोलले होते. मला काहीच दिसलं नव्हतं.

"पयलं उत्तर पाव्हन्यासाठी असतं," त्या म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. दुसरं उत्तर मिळवायला त्या महिना लावत. कधी वर्ष.

एकदा एका घरी सून माहेरी गेल्याचं सासूने सांगितलं. सून ओली बाळंतीण असणार, असा सगुणाबाईंचा हिशेब होता. मी लगेच निघाले. सगुणाबाई हलल्या नाहीत. कुडावर दोन लुगडी वाळत होती. त्यांनी सासूकडे पाहिलं नाही, लुगड्यांकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "माहेराला जाताना बाई वलं लुगडं मागं ठिवत न्हाई, काकू."

सासूने एकदा लुगड्यांकडे पाहिलं. शेवटी ती बाजूला सरली. मागच्या सोप्यात सून तापाने फणफणून पडली होती. बाळ चार दिवसांपूर्वीच गेलं होतं. दवाखान्यात नेलं तर आपल्यावर बालंट येईल, ही घरच्यांची भीती. आम्ही तिला बैलगाडीत घालून आणलं. ती जगली. त्या सासूला सगुणाबाई पुढेही दर महिन्याला भेटत आणि तिच्या हातचं पाणी पीत.

त्यांचा अंदाज नेहमी बरोबरच असे असं नाही. एका म्हाताऱ्याने नातीचा हात मुद्दाम भाजला, असं त्यांनी मनात धरलं आणि मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाईंनी चौकशी केली, म्हातारा चारचौघांत रडला. मुलगी खरोखरच चुलीवर पडली होती. सगुणाबाई दुसऱ्या दिवशी एकट्या त्या घरी गेल्या, अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माजं चुकलं." म्हाताऱ्याने दार लावून घेतलं. त्या पुढचे तीन आठवडे तिथे जात राहिल्या. पण म्हणून त्यांचं संशय घेणं कमी झालं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "चुकले तर माफी मागता येती. न बगता गेले तर कुनाची मागू?"

माझाही संशय कमी झाला नव्हता. बाजाराच्या दिवशी पहाटे त्या निघत, संध्याकाळी येत. पिशवी जाताना सपाट असे, येताना फुगलेली. दवाखान्यात त्या दिवसांत कोयनेल मिळेनासं झालं होतं. हिवतापाच्या गोळ्या कपाटात कुलपात ठेवत, तरी कमी पडत. मी मनात एकाला एक जोडलं.

थंडीच्या दिवसांत मी आईला भेटायला नगरला जाते असं सांगितलं आणि उलट दिशेची, कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार धरून घोडेगावला उतरले. बाजार भरात होता. बैलांच्या रांगा, धूळ, रुमालाखाली बोटं धरून सौदे करणारे दलाल. सगुणाबाई एका लिंबाखाली उभ्या होत्या. एक फेटेवाला शेतकरी त्यांच्याजवळ आला. चार हात अंतर राखून दोघं उभे राहिले. त्या काहीतरी बोलल्या. तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने एक लहान गाठोडं जमिनीवर ठेवलं, त्यांनी ते उचलून पिशवीत टाकलं. तो गेल्यावर दुसरा आला. मग तिसरा. कुणी कुणाकडे सरळ पाहत नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना सांगितलं. जे पाहिलं तेवढंच सांगितलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत आले. पण कोयनेलचा शब्द मीच काढला होता.

दवाखाना चालवणाऱ्या पंचांपैकी दोघे आले. सगुणाबाईंना बोलावलं. मी कोपऱ्यात उभी होते. त्यांना पिशवी उघडायला सांगितलं. त्यांनी सुतळी सोडली आणि वस्तू टेबलावर मांडल्या. एक चोळीचा खण. तान्ह्या मुलाची कुंची. वाळलेली बोरं. चिंचेचा गोळा. गोळ्या नव्हत्या, औषध नव्हतं.

"हे कुणी दिलं?" एका पंचाने विचारलं.

"ज्याचं त्यानं दिलं."

"कुणासाठी?"

त्यांनी कुंचीची घडी नीट केली. पुन्हा विचारलं, तेव्हा खणाची. लोकांकडून वस्तू घ्यायच्या नाहीत, हा दवाखान्याचा नियम होता. मोठ्या बाई अगदी कळवळून म्हणाल्या, "सगुणाबाई, एक नाव सांगा. मी पुढचं पाहते."

"न्हाई सांगता येनार बाई."

त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. हातांकडे. मी हात पाठीमागे घेतले होते. तेवढं त्यांना पुरलं असावं.

त्यांना कामावरून काढलं. जाताना त्यांनी एवढंच मागितलं, "ह्या वस्तू माज्या न्हाईत. त्या मला नेऊ द्या." मोठ्या बाईंनी नेऊ दिल्या. त्यांच्या बारा गावांची फिरती मला मिळाली.

मी एकटी फिरू लागले आणि महिन्याभरात मला कळलं की मला काहीच मिळालेलं नाही. घोंगडी अंथरली जाई, पण बायका कामात असत. प्रत्येकीचं सगळं छान चाललेलं असे. मी पाणीही मागून पाहिलं. माझ्या जातीमुळे मला पाटावर बसवून फुलपात्र हातात देत. त्यात काही दिसत नसे.

नदीकाठच्या एका गावात यमुना नावाची सून होती. सोळा-सतरा वर्षांची, सातवा संपत आलेला. तिची सासू तिच्यापासून हलत नसे. एक दिवस सासू शेजारच्या हाकेला ओ देऊन कुडापलीकडे गेली, तेवढ्यात यमुनाने माझ्याकडे न पाहता विचारलं, "सगुनाबाई कवा यायच्या?"

"आता त्या येणार नाहीत. मी आहे ना. काय हवंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पोरीच्या डोळ्यांत जे होतं ते मी आधी एकदा पाहिलं होतं, सगुणाबाई टेबलावर वस्तू मांडत होत्या तेव्हा.

"काय न्हाई," ती म्हणाली. आणि सासूची चाहूल लागताच घाईने पुटपुटली, "माज्या बाला म्हनावं, न्यायला ये. हितं ऱ्हायले तर मी वाचनार न्हाई."

तिथे, त्या अंगणात, मला सगळा उलगडा झाला. बैलबाजाराला सगळीकडचे बाप येतात. सासरच्या उंबऱ्यात कोंडलेल्या पोरींचे निरोप सगुणाबाई तिथे बापांना पोचवत होत्या आणि बापांनी दिलेला खण, कुंची, चिंच पोरींना आणून देत होत्या. नाव सांगितलं असतं तर पंचांच्या तोंडून ते गावात गेलं असतं, आणि त्या पोरीचं काय झालं असतं हे सांगायला नको.

पुढच्या बाजाराला मी त्याच लिंबाखाली जाऊन उभी राहिले. यमुनाचा बाप शिवराम, शेवगावकडचा. विचारत विचारत शोधला. मी निरोप सांगितला. तो ऐकून घेत होता, पण त्याचे डोळे माझ्या मागे कुणी आहे का ते पाहत होते.

"खूण काय सांगितली?" त्याने विचारलं.

"कसली खूण?"

तो बैलाची पाठ थोपटत म्हणाला, "माजी लेक सुखात हाय ताई. मागं मी गेल्तो तवा तिच्या सासूनं चांगलं जेवू घातलं मला. तुमी कुनाच्या तर्फेनं आला, मला ठावं न्हाई. भांडन लावू नका." आणि बैल घेऊन चालू लागला.

दुसऱ्या दिवशी मी सगुणाबाईंना शोधत सावेडीला गेले. आज तिथे बंगले आणि शाळा आहेत. तेव्हा नगराबाहेरचं ते शेतांचं गाव होतं, बाजरीच्या धसकटांतून पायवाटेने जावं लागे. भावाच्या घरासमोर त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. बसाही म्हणाल्या नाहीत. मी उभ्या उभ्या बोलले. कोयनेलचा शब्द मी काढला, हेही सांगितलं. त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"ते ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पुढं बोला."

मी यमुनाचा निरोप सांगितला. तेव्हा त्यांचे हात थांबले.

"तिचेच शब्द हाईत? वाचनार न्हाई म्हनली?"

"तिचेच."

"सासू कुठं हुती?"

"कुडापलीकडे."

"तुमी तिला काय इचारलं हुतं?"

त्यांनी मला पुन्हा पुन्हा, उलटसुलट विचारलं. कुठे उभी होती, हात कुठे होते, पाऊल सुजलं होतं का. कोर्टातही असं विचारत नसतील. मला यमुनाच्या सासरच्यांनी पाठवलं असेल, ही शंका त्यांनी लपवली नाही.

"मला खूण सांगा," मी म्हटलं. "पुढच्या बाजारी मी शिवरामला सांगते. तुम्हाला एवढ्या लांब यायला नको."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माजी धाकटी बहीन बरी हाय, असा निरोप सात वर्सं येत हुता. येनारा-जानारा सांगायचा. ती दुसऱ्याच वर्साला गेल्ती." त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. "तवापासनं खुनेबिगर निरोप न्हाई. लेकीची खूण लेकीची नि बापाची. मी मधी हाय, कारन त्यांनी मला दिली. तुमास्नी कुनी दिली न्हाई."

"मग?"

"मंग मी येते."

बाजाराची वाट पाहायला त्या तयार नव्हत्या. मोटारीत जागा नव्हती म्हणून घोडेगावपर्यंत त्या एका मालवाहू छकड्यावर बसून आल्या आणि पुढे शेवगावच्या वाटेला चालत गेल्या, असं मला नंतर कळलं. शिवरामला त्यांनी काय सांगितलं, खूण काय होती, ते मला आजही माहीत नाही. पण चौथ्या दिवशी सकाळी मी त्या नदीकाठच्या गावात गेले तेव्हा चावडीसमोर शिवरामची गाडी उभी होती. सगुणाबाई गाडीच्या सावलीला जमिनीवर बसल्या होत्या.

शिवराम व्याह्याच्या घरी गेलाच नाही. त्याने पाटलाला चावडीवर बोलावून घेतलं आणि चारचौघांत म्हणाला, "माज्या लेकीला हितं आना. तिची सासू संगं नको. ती ऱ्हाते म्हनली तर मी हितनंच माघारी जातो."

हे सगळं शब्दशः त्याला कुणी शिकवलं होतं ते मला ऐकताक्षणी कळलं. पाटील जरा घुटमळला. मग त्याने आपल्या बायकोला पाठवलं. यमुना आली. सुजलेले पाय, खोल गेलेले डोळे, गालाचं हाड वर आलेलं. मागून सासू धावतच आली. म्हणू लागली, "सून सुखात हाय. इचारा तिला. काम सांगितलं तर सोसत न्हाई, बाकी काय न्हाई."

पाटलाने विचारलं, "जातीस का ऱ्हातीस पोरी?"

"जाते," यमुना म्हणाली. एवढंच. मग ती कुणाच्या हाताचा आधार न घेता गाडीकडे गेली. शिवरामने तिला वर घेतलं तेव्हा तिचं लुगडं पाठीवरून सरकलं, वळ उघडे पडले, आणि चावडीवरची माणसं एकामागून एक दुसरीकडे पाहू लागली.

तिला मुलगी झाली. दोघी वाचल्या. ती सासरी परत गेली ती दोन वर्षांनी, वेगळं बिऱ्हाड करून द्यायचं पाटलासमोर ठरल्यावर. मोठ्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी सगुणाबाईंना परत बोलावणं पाठवलं, दोनदा. त्या आल्या नाहीत. पुढचं दीड वर्ष त्या कुणाच्याही पगारावर नसताना बाजाराला जात राहिल्या. मी त्या लिंबाच्या बाजूला कधी गेले नाही. गेले असते तर बाप येईनासे झाले असते, एवढं मला तोवर समजलं होतं. मग एका पावसाळ्यात त्या सावेडीला विषमज्वराने गेल्या. मला आठ दिवसांनी कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या चावडीसमोर. शिवरामने बैल जुंपले. यमुना गाडीत घोंगडीवर आडवी झाली होती. सगुणाबाईंनी मागच्या बाजूला, पाय खाली सोडून, पाठ बैलांकडे करून जागा घेतली. माझ्याशी त्या काही बोलल्या नव्हत्या. गाडी हलली. नदीकडे उतार लागेपर्यंत रस्ता सरळ होता. उन्हात डोळे बारीक करून त्या माझ्याकडे टक लावून पाहत आहेत, असं मला दिसलं. मला फार बरं वाटलं. मी हात वर केला.

त्यांनी हात वर केला नाही. नजरही हलवली नाही. तेव्हा मी वळून पाहिलं. माझ्या मागे गावाचा रस्ता होता, आणि गाडीमागे कुणी येतंय का, ते त्या पाहत होत्या.